कडेवरचं लेकरू आणि चौथीची शाळा

बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरचं हे प्रकरण. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. मी तिथे शिकवत होते. मुलीचं आणि वस्तीचं नाव लिहीत नाही. घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणत, इथेही तेच म्हणते. २०१८ च्या जूनमध्ये ती चौथीत आली, दिवाळीच्या आधी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि उन्हाळ्यात परतली. त्यानंतरच्या जूनमध्ये तिचा दाखला पाचवीच्या शाळेत पोचला, ती पोचली नाही.

मुली शाळा का सोडतात, याची उत्तरं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. गरिबी, आईवडिलांचं अज्ञान, मुलगी म्हणजे परक्याचं धन, लवकर लग्न. यातलं एकही खोटं नाही. पण या घराला ती लावून पाहिली तर पुरत नाहीत. वडील नववीपर्यंत शिकलेले. पालकसभेला बापे सहसा येत नाहीत, हे येत आणि पुढे बसत. थोरलीनं पंधरा ऑगस्टला म्हटलेली कविता त्यांच्या मोबाईलवर होती, पाहुण्यांना ते ती ऐकवत. लग्नाचा विषय दहा वर्षांच्या मुलीसाठी कुणाच्या मनातही नव्हता. गरिबी होती, पण ती शेजारच्या घरातही तेवढीच होती, आणि त्या घरातली मुलगी पुढे दहावी झाली. म्हणून हे प्रकरण नीट मांडावंसं वाटतं. एकाच वस्तीत, एकाच वर्गात, एकाच दुष्काळात एक मुलगी टिकली आणि एक गेली. फरक कुठे पडला, ते शोधता येतं.

घर आणि रान

अडीच एकर जमीन, सगळी मुरमाड, विहीर नाही. कापूस, बाजरी, बांधाला तूर. घरात आईवडील, आजी, थोरली, दुसरीतला भाऊ आणि दीड वर्षांचं बाळ. या पट्ट्यातली माणसं ऊसतोडीला जातात ती आजची गोष्ट नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट रुळत गेली आणि आता कित्येक वाड्या-तांडे दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्म्याहून जास्त रिकामे होतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

२०१८ साली ऑगस्टनंतर पावसानं दडी मारली. कापूस दोन वेचण्यांत संपला. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वस्तीवरचा हातपंप डिसेंबरातच खडखडायला लागला. हे सगळं वाचताना असं वाटेल की दुष्काळ पडला, म्हणून कुटुंब गेलं, म्हणून मुलीची शाळा सुटली. क्रम तसा नव्हता. या घरानं मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली होती जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, बियाणं आणि खतासाठी. पाऊस कसा पडणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या हंगामाचे थोडे पैसे अंगावर राहिले होते, ते नव्या उचलीत मिळवले गेले. म्हणजे थोरली नव्या दप्तरानं चौथीच्या वर्गात बसली, तेव्हाच तिची नोव्हेंबर ते एप्रिलची बांधणी झाली होती. दुष्काळानं एवढंच केलं की त्यातून सुटायची जी थोडी वाट होती, चांगलं पीक आलं तर उचल फेडून घरी राहायची, ती बंद केली.

कोयत्याचा हिशेब

ऊसतोडीत मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढवते. दिवसाला जोडीकडून साधारण दीड ते दोन टन ऊस निघतो. जानेवारी २०२४ च्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला, त्याआधी तो बराच कमी होता. आजच्या या दरानंसुद्धा दोघांची मिळून दिवसाची कमाई साडेपाचशे ते सव्वासातशेच्या घरात जाते. खाडा केला, मग तो ताप असो की बाळंतपण, तर तो दिवस जातोच, वर मुकादम दंड लावतो तो उचलीत चढतो.

आता या हिशेबात दीड वर्षांचं बाळ ठेवून पाहा. पहाटे चारला उठायचं, भाकऱ्या थापायच्या, अंधारातच फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, जायचं. बाळ कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, एकटं ठेवता येत नाही. कुत्री, विंचू-काटा, उघडी चूल. फडावर नेलं तर पाचटात बसवायचं, जिथे ट्रॅक्टर मागेपुढे होत असतात, साप निघतात, काही भागांत बिबट्याही. आईनं बाळाला घेऊन बसायचं ठरवलं, तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. मग उरतं कोण?

मी सप्टेंबरात घरी गेले होते. आईनं चहा ठेवला आणि सरळ सांगितलं, “मॅडम, तिला शाळा आवडती, मला का कळत नाही व्हय? पण मी मोळ्या बांधू का लेकराला धरू? तुम्हीच सांगा.”

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे, शाळेकडे किंवा कुठल्या योजनेकडे उत्तर नव्हतं. अजूनही ते नाही, आणि हे प्रकरण लिहिण्याचं कारण तेच आहे.

वसतिगृह होतं

स्थलांतर थांबवण्यासाठी काहीच नव्हतं असं मुळीच नाही. बीड जिल्ह्यात दरवर्षी शेकडो शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. आमच्याकडेही होतं. आईवडील तोडीला गेले तरी सहा ते चौदा वर्षांची मुलं मागे राहावीत म्हणून शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं, दुपारचा पोषण आहार असतोच, आणि रात्री मुलं आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे झोपतात. ही व्यवस्था मी फार जवळून पाहिली आहे आणि तिनं कितीतरी मुलं शाळेत राखली आहेत. तिच्याविषयी वाईट बोलावं असं मला वाटत नाही.

पण या घरात तिनं काय केलं ते बघा. थोरलीचा भाऊ मागे राहिला. आजीजवळ झोपायचा, शाळेत जेवायचा, दुसरी नीट पास झाला. थोरली गेली. घर तेच, आजी तीच, वसतिगृह तेच आणि दोघांसाठी जागा होती. दोघांपैकी एकाला नेणं भाग होतं, आणि मुलगा नेला असता तर त्यानं बाळ सांभाळलं नसतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. सात वर्षांच्या मुलाकडून कुणी ती अपेक्षाच ठेवली नाही. थोरलीकडून मात्र ती सात वर्षांची असल्यापासून होती.

बाळालाच आजीजवळ ठेवता आलं नसतं का? मीही हे विचारलं. आजीचे गुडघे गेलेले. अंगावर पिणारं बाळ. आणि पाणी. हातपंप आटल्यावर पाणी खालच्या शिवारातल्या विहिरीवरून आणावं लागे, चढण चढून. नातवाला जेवण शाळेत मिळत होतं म्हणून आजीला तो जड नव्हता, तरी दोन घागरी शेजारची सून आणून देई. त्यात रात्री उठणारं, दूध मागणारं बाळ त्या म्हातारीवर टाकणं कुणालाच पटलं नसतं.

म्हणजे योजना सहा वर्षांपासून पुढच्या मुलाला सांभाळते. अंगणवाडी तीन वर्षांपासूनच्या मुलाला काही तास बसवून घेते, तेही गावात. तीन वर्षांच्या आतलं मूल कुणाच्याच हिशेबात नाही. ते आईबरोबर जातं आणि त्याच्याबरोबर मोठी बहीण जाते. हंगामी वसतिगृहाला मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी का भरते, याचं कारण शोधताना आपण मुलीकडे आणि तिच्या आईवडिलांच्या मानसिकतेकडे बघत राहतो. मी म्हणेन, तिच्या कडेवर कोण आहे ते आधी बघा.

दुसरी मुलगी

थोरलीच्याच वर्गात, दोन घरं सोडून राहणारी एक मुलगी होती. तिचे आईवडील त्याच मुकादमाच्या टोळीत, त्याच कारखान्याला. जमीन त्यांची याहून कमी. तिच्या घरात धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. तो आजीजवळ राहिला, सकाळी अंगणवाडीत, दुपारी बहिणीच्या मागे आमच्या वर्गाच्या दाराशी. ही मुलगी हंगामभर शाळेत आली. पाचवीला शेजारच्या गावी गेली, तिथून पुढे.

अभ्यासात थोरली तिच्यापेक्षा हुशार होती, हे इथे नोंदवायलाच हवं. दोघींमध्ये फरक होता तो धाकट्या भावंडाच्या वयाचा, अडीच वर्षांचा.

एका घरावरून नियम काढू नये, हे मला कळतं. म्हणून मी नंतरच्या प्रत्येक वर्षी हीच गोष्ट तपासत आले. तीन वर्षांच्या आतलं भावंड तोडीला जाणाऱ्या घरात असलं आणि मुलगी आठ वर्षांच्या पुढची असली की ती मागे राहण्याची शक्यता फार कमी. घरात जाऊ किंवा आत्या मागे राहणारी असेल तर गोष्ट वेगळी.

तळावर

थोरलीनं परत आल्यावर जे सांगितलं त्यावरून तळावरचा, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुक्कामावरचा, तिचा दिवस असा होता. आईवडील पहाटे गेले की बाळाला घेऊन ती कोपीत. उजाडल्यावर शेतकऱ्याच्या मोटारीवरून पाणी, मग भांडी. दहाच्या सुमारास बाळाला कडेवर घेऊन भाकरीचं फडकं फडावर पोचवायचं. बाळाला आईनं पाजेपर्यंत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे, कारण वाढ्यांची पेंढी विकली जाते. संध्याकाळी चूल. रात्री ट्रक भरायला आला की आई पुन्हा उठून जायची आणि बाळ पुन्हा हिच्याकडे.

शाळा तळापासून दूर नव्हती. कारखान्याच्या परिसरात पूर्वी साखरशाळा चालत, खास तोडणी मजुरांच्या मुलांसाठी. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर या मुलांना जवळच्या नियमित शाळेतच प्रवेश द्यावा असं धोरण आलं आणि बहुतेक साखरशाळा बंद झाल्या. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, कुठल्याही मुलाला वेगळी, कमी दर्जाची शाळा नको. मी थोरलीला निघताना शिक्षण हमी पत्रक भरून दिलं होतं. ते दाखवलं की कुठल्याही शाळेनं वर्गात बसवून घ्यायचं असतं. ती ते घेऊन एकदा गेलीही, बाळासकट. वर्गात बाळ रडायला लागलं. तिला कुणी हाकललं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. हमी पत्रक तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून परत आणलं.

कागदावर ती शाळेतच होती

शाळेचा पट ३० सप्टेंबरला मोजला जात असे. त्यावर शिक्षकांची संख्या ठरते, राज्याची आकडेवारी जमते. ३० सप्टेंबरला डोंगरपट्ट्यातली सगळी मुलं वर्गात असतात, कारण टोळ्या अजून निघालेल्या नसतात. नियम सांगतो की पटावर असूनही सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य मानायचं. पण ते शोधणारं सर्वेक्षण कधी होतं? ४ जुलै २०१५ चं राज्यव्यापी सर्वेक्षण जुलैत झालं. २०२२ चं मिशन झिरो ड्रॉपआउटही जुलैत. जुलैत थोरली तिसऱ्या बाकावर बसलेली सापडली असती.

आठवीपर्यंत नापास करायचं नाही, ही त्या काळची तरतूद होती आणि ती असायलाच हवी होती. पण त्यामुळे तिचं मागे पडणं निकालात दिसलं नाही. तिचं मराठीचं पुस्तक मी पाहिलं होतं. पहिली निम्मी पानं हाताळून मऊ पडलेली, कडांना शाईचे डाग, पुढची पानं कोरी करकरीत. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही वर्षं असंच. अर्ध्या वर्षाची कविता तोंडपाठ. गुणाकार पक्का, कारण तो दिवाळीच्या आत होत असे. भागाकार तिला कधीच कुणी शिकवला नव्हता. उन्हाळ्यात मी थोडा घेतला, पटकन आला तिला. तरी पाचवीच्या नव्या शाळेत अनोळखी मुलांपुढे आपल्याला येत नाही, या भीतीनं तिचा जीव आक्रसला होता. तिनं ते मला नाही, भावाला सांगितलं होतं.

पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास फुकट आहे, चांगली योजना आहे, पण आमच्या वस्तीवर एसटी येत नाही. पहिली ते चौथीच्या काही प्रवर्गांतल्या गरीब मुलींना शासन उपस्थिती भत्ता देतं. तो १९९२ पासून दिवसाला १ रुपया आहे. तळावर थोरली बाळ धरते म्हणून तिच्या आईचा अर्धा कोयता चालतो, तो आजच्या दरानं दिवसाला तीनशेच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणावर राग काढायची गरज उरत नाही. आई काही निर्दय नव्हती, ती हिशेब करत होती, आणि हिशेब बरोबर होता.

जून २०१९ मध्ये बाळ अडीच वर्षांचं झालं होतं. पुढच्या दसऱ्याला तीन पूर्ण होणार नव्हतं. आईला पुन्हा दिवस गेले होते. थोरलीचा दाखला मी स्वतः नेऊन दिला, तिचं नाव तिथल्या पटावर चढलं. ती पहिल्या आठवड्यात गेली, मग पावसात ओढा भरला, मग नाही. त्या हंगामात ती पुन्हा तळावर होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि परत यायची जी काही शक्यता होती तीही गेली. तेराव्या वर्षी ती मोळ्या बांधायला लागली.

लग्नाचा मुद्दा इथे येतो, आणि त्याचा क्रम उलटा लावला जातो म्हणून लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली, असं माध्यमिक वयात होतं. प्राथमिक वयात आधी शाळा सुटते. तळावर वाढत्या वयाची मुलगी, आडोशाला जागा नाही, शौचाला उसात जायचं, आईवडील पहाटेपासून फडात. तिच्या सुरक्षिततेची काळजी आईबापांची झोप उडवते. त्यात नव्या जोडीला पूर्ण कोयत्याची उचल मिळते. लग्न हा त्या काळजीवरचा त्यांना दिसणारा उपाय असतो. दहाव्या वर्षी शाळेतून सुटलेली मुलगी पंधराव्या वर्षापर्यंत या सगळ्यातून जाते.

काय करता येईल

बाळ सांभाळण्याची सोय कामाच्या जागी करायची, ही कल्पना नवी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात तिसाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची तरतूद केलेली होती. ऊसतोड करणारी बाई कारखान्याची कामगार धरलीच जात नाही, ती मुकादमाची, म्हणून ती त्यातून सुटली. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आयांबरोबर आली, तर त्या बायकांपैकीच एकीनं ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असा नियम मनरेगा कायद्याच्या अनुसूचीत केलेला होता. मला हा नियम तळासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीत चार-पाच बाळं सहज असतात. टोळीतली एक वयस्कर बाई, एक सावलीची जागा, दूध आणि खिचडी, आणि तिची अर्ध्या कोयत्याची मजुरी. तळ पहाटे चारला जागा होतो, तेव्हा दहाला उघडणारी अंगणवाडी उपयोगाची नाही. टोळीतलीच बाई हवी.

पैसा कुठून, हाही प्रश्न अगदी अधांतरी नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी गाळपावर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचं ठरलं आहे. त्यातून संत भगवानबाबा योजनेखाली ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली. मोठ्या मुलींसाठी ती फार मोलाची आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला आई तालुक्याला पाठवत नाही, आणि पाठवली तरी बाळाचा प्रश्न तळावर तसाच राहतो. वसतिगृहावर जितका विचार झाला त्याचा दहावा हिस्सा तळावरच्या पाळणाघरावर व्हावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शाळेच्या हातात यातलं फार थोडं आहे, पण जे आहे ते वेळेवर करता येतं. स्थलांतराचं सर्वेक्षण आपण ऑक्टोबरात करतो आणि त्यात सहा ते चौदा वयाची मुलं लिहितो. मी आता जूनमध्ये, पट भरतानाच, प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन गोष्टी लिहून ठेवते: यंदा उचल घेतली का, आणि घरातलं सगळ्यात लहान मूल किती महिन्यांचं आहे. ज्या मुलींच्या नावापुढे दोन्ही खुणा येतात त्यांची यादी छोटी असते. त्या घरांशी बोलायला जून ते सप्टेंबर असे चार महिने मिळतात. कधी मागे राहणारी जाऊ तयार होते, कधी आत्याकडे सोय लागते. एका वर्षी मुकादमाशीच बोलणं करून टोळीतल्या एका म्हातारीनं तीन घरांची बाळं तळावर सांभाळायची, तिन्ही घरांनी मिळून तिला पैसे द्यायचे, असं ठरलं. त्या तीन घरांतल्या दोन मुली हंगामभर वर्गात होत्या. तिसऱ्या घरानं शेवटच्या आठवड्यात विचार बदलला, कारण त्या म्हातारीला द्यायचे पैसे मागची बाकी फेडण्यात गेले.

त्या म्हातारीची मजुरी कारखान्यानं किंवा महामंडळानं दिली असती, तर तीही मुलगी राहिली असती.